कायद्याने तरुण झालेली घोडी

ज्याला दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा आहे, त्याने आधी हात धुवावेत. एवढी साधी रीत आमच्या मालकाच्या मुलाला नाही. सकाळी गाडीच्या चाकाला वंगण लावायचे आणि त्याच बोटांनी माझ्या तोंडात लगामाची कडी कोंबायची. कोंबताना शीळ चालूच. मी मान वर केली की म्हणतो, "बघा, बघा हिचे नखरे!" नखरे माझे! वंगण आधी तू चाटून बघ बाबा, मग आपण नखऱ्यांचे बोलू.

तर मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. किती जुनी म्हणाल, तर त्याची दोन उत्तरे आहेत. माझ्या हाडांना विचारा, ती एकोणीस सांगतील. सरकारला विचारा, ते दहा सांगेल. सरकारशी वाद घालणारी मी कोण? पण तुम्ही लहान आहात, तुमचे दात अजून पडायचे आणि यायचे आहेत, म्हणून ही दातांची गोष्ट तुम्हालाच सांगते.

माझा जन्म घराच्या मागच्या तबेल्यात झाला. स्वयंपाकघराची खिडकी तबेल्यातच उघडते. त्यामुळे घरात काय करपले आणि कोण कोणावर करवादले, हे मला जन्मापासून ठाऊक. माझी आई ह्याच गाडीला जुंपलेली असे. मी बाहेर आले तेव्हा मला झेलणारे हात मालकाचे होते. मालक म्हणजे गाडीवान. आता तो म्हातारा झाला आहे आणि घरात त्याचे कोणी ऐकत नाही, पण माझ्या लेखी मालक तोच. त्याने मला पहिल्यांदा लगाम घातला तो थंडीचा महिना होता. थंडीत लोखंड जिभेला चिकटते. त्याने कडी आधी आपल्या काखेत धरून ऊन केली आणि मग माझ्या तोंडात दिली. असे करायला त्याला कोणी शिकवले नव्हते.

माझी कामाची वर्षे मोठ्या थाटाची गेली. स्टेशनापासून तळ्यापर्यंत आणि तळ्याला वळसा घालून परत, हा माझा रस्ता. कुठल्या वळणावर खडी निसरडी आहे, कुठल्या दुकानाचा कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुठला खरोखर चावतो, सगळे मला पाठ. लांबून फिरायला आलेले लोक माझ्या कपाळावरून हात फिरवत आणि म्हणत, "किती शहाणी आहे!" म्हणणारे बहुधा असे असत, की ज्यांना पायरीवरून गाडीत चढवायला खालून दोघांनी लोटावे लागे. मी मात्र आजवर एकाही उतारूला पाडले नाही. पाडावेत असे पुष्कळ बसले.

मालकाकडे चाबूक होता, पण तो माझ्या अंगावरच्या माश्या हाकलायला. मला वळायचे कळावे म्हणून तो नुसता खाकरायचा. डावीकडे वळायचे असले की एकदा, उजवीकडे दोनदा. त्याला खरोखर खोकला झाला, की आमची गाडी रस्त्यावर नागमोडी जायची आणि लोक म्हणायचे, आज म्हातारा पिऊन आलाय.

मग मालकाचे गुडघे गेले आणि लगाम पोराच्या हातात आला. पोरगा म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा. चांगला मिशीवाला, बायको असलेला बाप्या आहे, पण मी त्याला पोरगाच म्हणते. मोठे झाल्याचे एकही लक्षण त्याने अजून दाखवलेले नाही.

आमच्या राज्यात दर नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला नवे कायदे लागू होतात. कायदा मी स्वतः कधी पाहिलेला नाही. तो दोन पायांचा असतो की चार, त्याला शेपूट असते की नसते, मला ठाऊक नाही. मला एवढेच ठाऊक, की त्या सकाळी सूनबाई, म्हणजे पोराची बायको, चुलीपाशी उभी राहून मोबाइलवरच्या बातम्या मोठ्याने वाचते. आणि त्यांत घोडागाडीचे काही निघाले, की घरातली दोन माणसे दोन तऱ्हेने ऐकतात. मालक उठून उभा राहतो, जणू कोणी मोठा साहेब घरात आला आहे. पोरगा बसूनच राहतो, बशी तोंडाला लावतो आणि म्हणतो, "नीट वाच. काय करायचं नाही म्हटलंय, ते तेवढंच वाच."

ज्या वर्षी पहिल्यांदा आमची आठवण झाली, त्या वर्षी चाबूक बंद झाला. मालकाने आपला चाबूक खुंटीवरून काढला, घडी घालून पेटीत ठेवला आणि म्हणाला, "बरं झालं. फार आधी व्हायला हवं होतं."

"बरं झालंच," पोरगा म्हणाला, "चाबूक बंद झालाय. खिळा बंद झालाय असं कुठं म्हटलंय?"

मालकाला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. मलाही तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी पोराने एका आखूड काडीच्या टोकाला खिळा बसवला आणि ती काडी बाहीत लपवली. तळ्याच्या चढावर तो तोंडाने गोड आवाज काढायचा, "चल माझी राणी, चल माझी बाय," आणि बाहीतून शेपटीच्या मुळाशी खिळा टोचायचा. मी उसळून चढ चढायचे. मागच्या बाकावरच्या एका बाईंचा तर गळा भरून आला. "बघितलंत? नुसत्या प्रेमाने चालते हो!" त्यांनी पोराचा फोटो काढला. त्याने तो स्टेशनाबाहेरच्या खांबाला चिकटवला आणि खाली लिहून घेतले की आमच्याकडे चाबूक वापरत नाहीत. त्या मोसमात आमच्या गाडीला सगळ्यांत जास्त उतारू मिळाले.

पुढच्या वर्षीचा कायदा पाण्याचा होता. प्रत्येक गाडीला घोड्यासाठी पाण्याची बादली टांगलेली असावी. पोराने लगेच बादली आणली. लालभडक, वर पिवळ्या रंगाने घोडा काढलेला. घोडा कमी आणि बकरा जास्त होता तो, पण असू दे. बादली गाडीखाली दिमाखात लटकली. ती कोरडी असायची. भरलेली बादली हिंदकळते आणि उतारूंच्या बुटांवर पाणी उडते. तपासणीला आलेला साहेब वाकून बघायचा, बादली आहे असे म्हणायचा आणि पुढे जायचा. उन्हाळ्यात सबंध दुपार ती रिकामी बादली माझ्या मागच्या पायांवर ठण ठण आपटायची. तहानलेल्या जनावराला पाण्याचा आवाज छळतो हे मला ठाऊक होते. रिकाम्या बादलीचा आवाज त्याहून छळतो, हे मला कायद्याने शिकवले.

तिसरा कायदा, गाडीत चारच माणसे बसवावीत. ह्यावर पोराने विचार करायलाही वेळ घेतला नाही. "मांडीवरचं मूल माणसात धरत नाहीत," तो म्हणाला. झाले! तेव्हापासून माझ्या गाडीत मुले मांडीवर बसू लागली. पुढे पुढे मुलांना मिशा फुटल्या. एकदा एक एवढा धिप्पाड गृहस्थ आपल्या सासऱ्याच्या मांडीवर बसला होता, की उतरल्यावर सासऱ्याला पाय कुठे आहेत ते शोधावे लागले. सगळे हसले. पोरगा सगळ्यांत मोठ्याने हसला. त्या चढावर माझ्या उजव्या गुडघ्यात जे मोडले, ते कोणाला ऐकू गेले नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, ही घोडी कायद्यांवर रागावली आहे. मुळीच नाही. कायदे करणाऱ्यांनी माझ्यासाठीच ते केले होते. कुठे तरी एका खोलीत बसून कोणी तरी माझी काळजी केली होती. पण ती काळजी माझ्यापर्यंत पोचायची ती पोराच्या हातातून, आणि ते हात कसे आहेत हे मी सुरुवातीलाच सांगितले.

मग आला वयाचा कायदा. पंधरा वर्षांवरच्या घोड्याला गाडीला जुंपायचे नाही. सूनबाईने वाचले आणि वाचता वाचता ती खिडकीतून माझ्याकडे बघू लागली. मालक उभाच होता. त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटले, हा आता नाचतो की काय.

"सुटली!" तो म्हणाला. "सूनबाई, माझी पोर सुटली! आता हिला परड्यात मोकळी सोडायची. बसून खाऊ दे."

"आणि आपण काय उभ्याने खायचं?" पोरगा म्हणाला. "दुसरी घोडी आणायची ऐपत आहे का आपली? बाबा, वय कशावरून ठरवतात? दातांवरून ना?"

मालक त्याच्याकडे बघतच राहिला. घोड्याचे वय दातांवरून कळते, हे त्यानेच पोराला शिकवले होते. तरुण घोड्याच्या पुढच्या दातांवर बारीक काळे खळगे असतात. वय वाढते तसे ते झिजतात, दात लांबट होतात, पुढे झुकतात.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पोराने नालबंदाला बोलावले. नालबंद म्हणजे आमच्या खुरांना नाल ठोकणारा. त्याच्याकडे लोखंड घासायची मोठी कानस असते. माझ्या नाकाला दोरीचा पिळा घातला, जबड्यात लाकडाचा ठोकळा बसवला आणि माझे दात कानशीने घासून आखूड केले. दात घासला जातो तेव्हा आवाज बाहेरून येत नाही, कवटीच्या आतून येतो. मग तार लाल तापवली आणि प्रत्येक दातावर नवा काळा खळगा जाळून काढला. माझ्याच तोंडातून जळक्या हाडाचा धूर निघताना मी पाहिला.

मालक दाराची चौकट धरून उभा होता. "अरे, पुरे. अरे, तिला लागतंय रे."

"झालं, बाबा, झालं. अहो, बघा तरी, कशी तरणीताठी दिसते! आता स्थळं येतील हिला."

डोळ्यांवरचे माझे केस पांढरे झाले होते. तेही लपवायला हवे होते. सूनबाईला तिचा केसांचा रंग मागितला, तेव्हा तिने डबा छातीशी धरला. "माझ्यासाठी आणलेला रंग घोडीला? लावा, लावा. हिला लावा, मला लावा आणि उरला तर बाबांना लावा, म्हणजे घरातले सगळेच नियमात बसतील." पण तिनेच रंग लावला, आणि नीट लावला. डोळ्यांत जाऊ नये म्हणून पदराचे टोक धरले. तिच्यावर माझा फारसा राग नाही. ती नवऱ्याच्या प्रत्येक हुशारीवर आधी तोंड वाकडे करायची आणि मग त्याला हातभार लावायची. अशी माणसे घरोघरी असतात, त्यांच्यावरच घरे चालतात.

अशी मी एकोणिसाव्या वर्षी तरुण झाले. तपासणीत पास झाले. साहेब म्हणाला, "वा, छान ठेवलीय."

पण घासलेले दात एकमेकांवर टेकत नाहीत, मित्रांनो. गवत तोंडात घ्यायचे, चावायचे, चावायचे, आणि त्याचा ओला गोळा तसाच खाली पडायचा. गव्हाण भरलेली आणि मी उपाशी. फासळ्या दिसू लागल्या. पोराने त्या झाकायला पाठीवर झालरीची झूल टाकली. मालक मात्र रोज कोंडा गरम पाण्यात भिजवून मऊ करायचा आणि मूठ मूठ माझ्या जिभेवर ठेवायचा. आत सूनबाई ओरडायची, "बाबा परत माझं दुधाचं पातेलं घेऊन गेले हो!" मालक मला म्हणायचा, "खा गं. तिला ओरडू दे. खा."

एक वर्ष असेच गेले. आणि ह्या वर्षीच्या पहिल्या सकाळी सूनबाईने जे वाचले, ते ऐकून पोराने बशी खाली ठेवली.

राज्यात घोडागाड्या पूर्ण बंद. प्रत्येक परवानेवाल्याला सरकार विजेवर चालणारी नवी गाडी देणार. पंधरा वर्षांवरचे घोडे सरकार स्वतः सांभाळणार. शहराबाहेर त्यांच्यासाठी कुरण राखले आहे, तिथे छप्पर आहे, पाणी आहे, ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी शिजवलेले दाणे आहेत. पंधराच्या आतले घोडे धडधाकट, त्यांचे मालकाने बघावे, वाटल्यास विकावे. आणि ज्याने तपासणीत कधीही फसवणूक केली असेल, त्याला नवी गाडी मिळणार नाही.

मला मात्र 'शिजवलेले दाणे' एवढेच ऐकू आले. ते ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटले, ते लपवायला मी मान फिरवली. आपली हाव परक्यांना दिसू नये, एवढा मान मी राखून आहे.

"आपण खरं सांगू," मालक म्हणाला.

"काय खरं?"

"की दात घासले होते. ही एकोणीस पुरी करून विसाव्यात आहे. तिला कुरणात जाऊ दे."

"आणि गाडी?"

"गाडी नाही मिळाली तर नाही मिळाली. तू दुसऱ्याच्या गाडीवर काम कर."

पोरगा हसला. "ऐकलंस का गं? मी दुसऱ्याच्या गाडीवर नोकर, आणि घोडी बसून शिजवलेलं खाणार!"

"मी सांगतो, मी घासले म्हणून," मालक म्हणाला. "मला धरतील. मला काय, मी आता..."

"परवाना तुमच्याच नावावर आहे, बाबा. तुम्हाला धरलं म्हणजे गाडी गेलीच. जरा डोकं चालवा." मग तो जरा थांबला आणि सावकाश म्हणाला, "ते हल्ली चालत नाहीच म्हणा. परवा जेवून उठलात आणि परत पाटावर येऊन बसलात."

ते खरे होते. परवा मालक दोनदा जेवायला बसला होता आणि सूनबाईने काही न बोलता दुसऱ्यांदा वाढले होते. तेव्हापासून तो अधूनमधून स्वतःशीच काही तरी पुटपुटायचा. मी कान लावून ऐकले आहे. तो आपल्या माणसांची नावे म्हणायचा, एकामागून एक, हरवली तर नाहीत ना हे बघितल्यासारखी. त्यांत माझेही एक असायचे.

घोडे तपासायचा दिवस बसस्थानकामागच्या मैदानावर ठरला. मैदानाला दोन फाटके होती. एका फाटकाशी सरकारी लॉरी उभी होती, तिच्यात पेंढा अंथरलेला. ती कुरणाकडे जाणार. दुसऱ्या फाटकाबाहेर विकत घेणारे उभे होते, त्यांत वीटभट्टीचा माणूस होता. भट्टीवर घोडे माती ओढतात. तिथून परत आलेला घोडा मी कधी पाहिलेला नाही. तिथून परत आलेला साज मात्र बाजारात विकायला येतो.

आमच्या पुढे एक करडा घोडा होता. तो शिंगरू असताना मी त्याला तळ्याकाठी तोंडावर आपटताना पाहिला आहे. माझ्यापुढे तो कालचा पोर. पण त्याच्या गाडीवानाने त्याच्या दातांना हात लावला नव्हता. जनावरांच्या सरकारी डॉक्टरने त्याचे ओठ वर केले आणि म्हणाला, "सोळा. लॉरीत घ्या." करडा फळीवरून चढला आणि चढताच पेंढा खायला लागला. खाण्याचा काय तो आवाज! मला त्याचा हेवा वाटला. खोटे कशाला बोलू?

मग डॉक्टर माझ्याकडे आला. तरुण होता, रात्रभर झोपला नसावा असे डोळे. रांगेत अजून पुष्कळ घोडे होते. त्याने माझे ओठ वर केले, आत बघितले, म्हणाला, "दहा. दुसरं फाटक."

"साहेब," मालक पुढे झाला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. "साहेब, दहा नाही. एकोणीस पुरी झालीत."

"बाबा, दात बघितलेत मी."

"दात..." मालक पोराकडे बघू लागला. घासले आहेत हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते, मला दिसत होते. पण पोराच्या हातात नव्या गाडीची चिठ्ठी होती आणि तो ती चिठ्ठी बापाला दिसेल अशी धरून उभा होता. मालकाने ते शब्द गिळले आणि दुसरी वाट धरली. बिचाऱ्याला वाटले, पोरालाही वाचवू आणि घोडीलाही. "दातांचं मला माहीत नाही, साहेब. पण ही जन्मली तेव्हा मी होतो ना. हिची आई व्याली, त्याच आठवड्यात माझी बायको गेली. ते कसं विसरेन मी? एकोणीस वर्षं झाली तिला जाऊन."

मित्रांनो, ते खरे आहे. घरात रडारड चालू होती आणि मी तबेल्यात उभी राहायला शिकत होते. हा पोरगा तेव्हा शाळेत जायचा. तो घरात थांबायला तयार नव्हता. माझ्या शेजारी पेंढ्यावर येऊन झोपायचा. आई, आई, करून जे काही रडला, ते त्याने माझ्या मानेला पुसले. मी तेव्हा कालची जन्मलेली, माझेच पाय थरथरत होते, तरी मी त्याच्यासाठी हलले नाही. त्याला ते वर्ष माहीत नसेल, तर जगात कोणालाच माहीत नाही.

डॉक्टर थांबला. त्याला म्हाताऱ्याचा चेहरा बघून काही तरी वाटले असावे. त्याने पोराला विचारले, "खरं का हो? तुमच्या आईला जाऊन किती वर्षं झाली?"

रांगेतले गाडीवान माना वळवून पोराकडे बघू लागले. करडासुद्धा खायचा थांबला. माझे विसावे वर्ष, शिजवलेले दाणे, पेंढा, सगळे त्या एका उत्तरावर उभे होते. मी पोराकडे बघितले. मनात म्हटले, लबाड असेल, आळशी असेल, पण ह्याला तो हात लावणार नाही.

पोराने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेने ठेवला.

"बाबा," तो म्हणाला, "आई जाऊन दहाच वर्षं झाली की."

मालकाने मान वळवून त्याच्याकडे बघितले.

"दहा?"

"दहाच. तुम्ही विसरलात." मग डॉक्टरकडे वळून, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, "हल्ली त्यांचं असंच होतं, साहेब. दोनदोनदा जेवायला बसतात."

बघणाऱ्यांनी चुकचुक केली. कोणी तरी म्हणाले, "मुलगा किती समजून घेतो." सूनबाई तिथेच होती. तिने पदर तोंडाशी नेला, ओठ उघडले, मालकाकडे बघितले, चिठ्ठीकडे बघितले आणि ओठ मिटले.

मालकाच्या हातात टोपी होती. ती तो बोटांनी गोल गोल फिरवत होता. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता, मित्रांनो. आपल्या बायकोवाचून काढलेली वर्षे तो एकेक करून मोजत होता आणि कुठे तरी मध्येच त्याचा पाय घसरत होता. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा घसरला. शेवटी त्याने टोपी डोक्यावर घातली, ती उलटी बसली.

"असेल," तो म्हणाला. "दहाच असतील. मला आठवत नसेल."

डॉक्टर पुढच्या घोड्याकडे गेला.

बाळांनो, अशा गोष्टीच्या शेवटी सांगतात, की मुक्या प्राण्यांवर दया करा, त्यांना वेळेवर दाणापाणी द्या. करा, द्या, मी नाही म्हणत नाही. पण मला सांगायचे आहे ते दुसरेच. तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस असेल आणि ते म्हणाले, की अमुक वर्षी अमुक झाले, तर त्याला ते वर्ष सांगू द्या. त्याच्याजवळ पुष्कळदा तेवढेच उरलेले असते. ते काढून घेऊ नका. ते काढून घेतल्यावर माणूस कसा दिसतो, हे मी पाहिले आहे. तो उलटी टोपी घालून मैदानात उभा असतो आणि कुठल्या फाटकातून घरी जायचे, हे सुनेला विचारतो.

भट्टीवाल्याने माझ्या गळ्यात दोर अडकवला. लगाम मात्र आमच्या घरचा, तो त्यांना परत हवा होता. पोरगा तो काढायला आला. फाटकाबाहेर त्याची नवी गाडी उभी होती, निळी, चकचकीत, घोड्यावाचून चालणारी. त्याचे लक्ष तिकडेच. त्याने माझ्या तोंडातून कडी ओढून काढली आणि पट्टा सोडताना त्याचे डोके अगदी माझ्या डोक्याशी आले. तोंड मोकळे झाले होते. मी बोलले. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. लोकांना ते खिंकाळणे वाटले असेल, तर तो त्यांच्या कानांचा दोष.

"ऐक रे पोरा. मी तुला आळशी म्हणत आले, लबाड म्हणत आले, उलट्या काळजाचा म्हणत आले. ते सगळं मी परत घेते. शिव्या आपल्या घरच्या माणसाला द्यायच्या असतात. एका गाडीसाठी तू तुझ्या आईला नऊ वर्षं उशिरा मारलंस आणि बापाला जिवंतपणी पुसून टाकलंस. तू माझ्या घरचा नाहीस. तुला माझ्याकडून आता शिवीसुद्धा मिळायची नाही."